मेंदूतली मरतूक

कोंबडीच्या पिल्लाचा मेंदू घडताना गरजेपेक्षा जास्त पेशी तयार होतात. ज्यांना दुसऱ्या पेशींशी जोडून घेता येत नाही, त्या ठरल्या वेळी गुपचूप मरतात. ही मरतूक मी विद्यापीठात अभ्यासत होते. चितेगावच्या रस्त्यावरच्या पोल्ट्रीतून आणलेली अंडी उबवायची, मग ती फोडून पिल्लाच्या मेंदूचे काप काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरी मी गायी-म्हशींचं काहीतरी करते असा समज होता, आणि त्या समजात घर सुखी होतं.

मग मला दिवस गेले आणि मी तिथं अंडी फोडते हे नवऱ्यानं नको तेव्हा घरात बोलून टाकलं. पोटुशीनं नारळ फोडायचा नसतो. सासूबाईंच्या मते अंडंही त्यातच आलं, वर त्यात जीव. बाळंतपण होईपर्यंत विद्यापीठ बंद. ऑम्लेटची अंडी मात्र मीच फोडायची, कारण खाणारा त्यांचा मुलगा होता.

बंद म्हणजे कायमचं बंद, हे मला माहीत होतं. एकदा थांबलेलं बाईचं शिक्षण त्या घरात पुन्हा सुरू झालेलं नव्हतं. मी घाबरले, आणि घाबरले की मी भांडते. पिल्लाच्या डोक्यातल्या पेशी मी मारत नाही, जास्तीच्या असतात त्या आपल्या आपण मरतात, असं मी तावातावानं सांगितलं.

सासूबाईंचा मेथी निवडणारा हात थांबला. "आपल्या लेकरांच्या डोक्यात बी मरत्यात का?"

नाही म्हटलं असतं तर मिटलं असतं. नवरा मागून डोळ्यांनी तेच सांगत होता. पण ज्यासाठी एवढं भांडत होते, त्याबद्दलच खोटं बोलणं माझ्या जिवावर आलं. होय, मी म्हणाले, पोटात असतानाच मरतात.

त्या माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. आता संपलं, असं मला वाटलं. मग त्यांनी मुलाकडे वळून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ह्याच्या येळंला कुणी बघितलंच नाय. लई मरायच्या ऱ्हायल्या," त्या म्हणाल्या. "तू जा. कोणत्या जगत्यात ते नीट बघ आन् मला येऊन सांग. फोडायला ह्याला ने."

वाळूजच्या कारखान्यात नवऱ्याची दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी. तो तोंड फिरवून अंडी फोडायचा आणि पुढचं मी बघायचे. कळा सुरू झाल्या त्या दिवसापर्यंत माझं काम थांबलं नाही.