बापाला दाखवायचा एक फटका

साहेबावरचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, हे पहिलेच सांगून टाकतो. घरची लोकं म्हणतात, म्हातारा झालास, आता सोड. काहून सोडू? त्यानं माझ्या शेताचा बांध-धुरा कोरला असता तर सोडलं असतं. त्याच्या तोंडावर मी जन्मभर अहो-जाहो केलं. आता लिहिताना करणार नाही.

आम्ही भिलाईत आलो तेव्हा गावात जुनं असं काही नव्हतंच. पोलाद कारखान्याच्या भट्ट्या उभ्या होऊन राहिल्या होत्या, सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरला पाठ टेकली तर सदऱ्याला चुना लागायचा. झाडं कमरेएवढी, तीही विटांच्या जाळीत कोंडलेली. मी रिगर, म्हणजे लोखंडी गर्डर दोरखंडानं वर चढवून जागेवर बसवणारा. जे डोळ्याला दिसे ते आमच्याच हातचं होतं, अन् त्याची आम्हाला ऐटही होती. पण सणासुदीला मन उदास व्हायचं. आपल्या आधी जिथं कोणी बसलं नाही, अशा ठिकाणी माणूस किती दिवस बसणार?

माझा बा नागपूरकडं, छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर माळी होता. इंग्रजांच्या काळातलं मैदान ते. जन्मभर त्यानं तिथलं गवत कापलं, कॅडी होऊन साहेब लोकांच्या काठ्यांच्या थैल्या वाहिल्या. पण चेंडूला काठी लावायची त्याला सोय नव्हती. रात्री जेवताना तो त्या मैदानाच्याच गोठी सांगायचा. पहिला फटका मारतात तो ओटा म्हणे पाय रोवून रोवून मधात खोलगट झालेला. एका चिंचेखाली चेंडू गेला की मोठमोठे कर्नल हात जोडायचे. बा म्हणायचा, "त्या ओट्यावर उभं राहिलं की कसं वाटत असंन रे?" मी लहानपणापासून हेच ऐकत आलो. त्या ओट्यावरून बापासमोर एक फटका मारायचा, एवढंच माझ्या मनात होतं. बाला आता डोळ्यानं कमी दिसायला लागलं होतं, म्हणून मला घाई होती.

साहेब आमच्याच खात्यातला तरुण इंजिनिअर, नागपूरचा, मराठी, बिनलग्नाचा. त्याचा बाप त्याच छावणीच्या मैदानाचा मेंबर, अन् म्हणून तोही. साहेबाला गोल्फचं याड! कोहक्याकडच्या पडीक मुरमाड जमिनीवर त्यानं दर रविवारी आम्हा चार-पाच जणांना जमवलं अन् एक मैदान उभं केलं. मैदान कसलं, भाताच्या बांध्या अन् म्हशी! तिथं हिरवळ टिकेना, म्हणून भोकाभोवती वाळूत गाड्यांचं जळकं तेल कालवून गोल अंगण करायचो. त्याला ब्राउन म्हणत. जुन्या मैदानांवरही असंच करतात, हे मला बाकडून माहीत होतं. चालून त्या वाळूत पाय उमटतात, म्हणून मागाहून ओलं पोतं ओढून ती सारखी करावी लागते. आमच्याकडं नेम असा, की जो खेळला त्यानं पोतं ओढायचं. साहेबही ओढायचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, घामाघूम होऊन ओढायचा. म्हणून तर मी त्याच्यावर भाळलो, भैताडासारखा!

खेळून झालं की तो आमच्या क्वार्टरवर यायचा. माझ्या बायकोला वहिनी म्हणायचा, चुलीपुढं पाटावर बसून झुणका-भाकर ओरपायचा, वरून मिरचीचा ठेचा मागायचा. अन् सांगायचा, "नव्या मैदानावर आपण नुसतं खेळतो रे. जुन्या मैदानावर आपल्या आधी खेळून गेलेले सगळे आपल्या संगं चालतात." मी म्हटलं, माझा बापही त्याच्यातलाच. तो ताटावरून उठला, माझ्या खांद्यावर उष्टा हात ठेवला अन् म्हणाला, "मेंबराला पाहुणा नेता येतो. तू माझा पाहुणा. तुझ्या बाबांसमोर पहिला फटका तूच मारायचा." बायकोनं पदरानं डोळे पुसले. माझा सदरा तेलकट झाला तरी मी काही बोललो नाही.

थंडीत साहेब अन् मी दुर्गहून नागपूरच्या गाडीत बसलो. बायकोनं माझी पांढरी पँट तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती. बाला आधीच निरोप धाडला होता. तो धुवट धोतर, काळी टोपी, अंगात माझ्या लग्नातला कोट अशा थाटात मैदानाच्या फाटकाजवळ उभा. मला पाहून म्हणाला, "बापा, नवरदेवच दिसून राहिला!" साहेबाला त्यानं वाकून नमस्कार केला. साहेब म्हणाला, "बाबा, आज तुमी फक्त पाहा." बा ओट्याजवळच्या चिंचेखाली जाऊन उभा राहिला.

ओट्याशेजारी सरावासाठी एक ब्राउन होता. तिथं साहेबाच्या बापाचे दोस्त उभे होते, दोन फौजी अफसर अन् एक वकील. साहेबानं चार चेंडू भोकात घातले, मी दोन घातले. वाळूत आमचे पाय उमटले होते. बाजूला पोतं पडलं होतं. हात सवयीनं गेला. मी ते उचललं अन् आमच्या नेमाप्रमाणं कडेपासून गोल गोल ओढत वाळू सारखी केली. मला वाटलं, पाहुण्यानं नीटनेटकं वागावं.

एक अफसर साहेबाला म्हणाला, "नया कैडी लाए हो? काम अच्छा जानता है."

मी साहेबाकडं पाहून हसलो. म्हटलं, आता सांगंल, हा माझा पाहुणा आहे. साहेबानं माझ्याकडं पाहिलं. नाही पाहिलं असं नाही! चांगलं पाहिलं. मग त्या अफसराकडं वळून तोही हसला अन् म्हणाला, "हाँ सर. भिलाई से साथ लाया हूँ."

अरे, पाच अक्षरं बोलायची होती. माझा पाहुणा! माझ्या घरचं अन्न खाल्लेल्या तोंडातून तेवढी निघाली नाहीत. मग तो ओट्यावर चढला, फटका मारला, अन् उतरताना थैलीकडं बोट दाखवून मला म्हणाला, "चल रे." मी थैलीला हात लावला नाही. पुढची मंडळी चालू लागली.

बा चिंचेखालून आला. त्याला कमी दिसत होतं, पण ऐकू चांगलं येत होतं. त्यानं वाकून थैली उचलली अन् पट्टा खांद्यावर घेतला.

"बा, ठेवा खाली," मी म्हटलं.

"तू तिकडं मोठ्या कारखान्यातला माणूस. तुले शोभत नाही. मले इथं कोण पाहाते?"

मी पट्टा धरून ओढला. त्यानं माझे हात हळूच सोडवले अन् चालायला लागला. मी त्याच्या मागं, "बा, बा" करत. तोवर बाकीचे आपापल्या चेंडूकडं पांगले होते अन् साहेब एकटाच उभा होता. थैलीतल्या काठ्या वाजल्या तशी, मीच आलो असं समजून, त्यानं पाठमोऱ्यानंच हात मागं केला. बानं त्याच्या हातात काठी दिली.

साहेब वळला नाही. चेंडूकडं बघत, खालच्या आवाजात मराठीत म्हणाला, "रागावला नाहीस ना रे?"

माझा बाप म्हणाला, "नाही जी."