तिच्याकडे बघून बोला

वडिलांचा, आबांचा डबा घेऊन आम्ही दोघी बहिणी पर्वत पाटियाजवळच्या लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, शिरायचो, तेव्हा आधी यायचा तो वास — मागाच्या तेलाचा, कोऱ्या सुताचा, उन्हानं तापलेल्या पत्र्याचा... आणि मग असा खडखडाट, की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येऊ नये. तिथं कुणी ओरडून घसा फोडत नसे. चिमटीनं हवा ओढली की धागा तुटला, मनगट फिरवलं की माग थांबव, अंगठा ओठांशी नेला की चहा आला. जन्मापासून बहिरी असलेली माझी वैशूताई त्या गोंगाटात इतकी मोकळी वावरायची, की बघत राहावं. आबांचे सोबती हातांनी तिची थट्टा करायचे, ती हातांनीच त्यांना सवाई उत्तर द्यायची आणि सगळी माणसं पोट धरून हसायची.

आणि शाळेत? शाळेत हीच पोर म्हणे मठ्ठ!

बाई फळ्याकडे तोंड करून शिकवायच्या. आता मला सांगा, पाठीला काय ओठ असतात? एका वर्षानं लहान असून मला मुद्दाम तिच्याच वर्गात, तिच्याशेजारी बसवलेलं. म्हणून मी बाकाखाली हातांनी तिला धडा सांगायचे, तर छडी माझ्याच बोटांवर. "हात खाली! खुणा करत बसलात तर ती बोलायला कधी शिकणार?" अहो, बोलेल तेव्हा बोलेल, आज धड्यात काय चाललंय ते तरी तिला कळू द्या! पण नाही. शेवटी मला मागं हलवलं, तिला पुढच्या बाकावर एकटीला बसवलं, आणि तपासणीला आलेल्या साहेबांना सांगितलं — हिच्याकडे आमचं विशेष लक्ष आहे. डोंबलाचं लक्ष!

आबा खाडा करून, धुतलेला सदरा घालून शाळेत आले. "बाई, पोर बहिरी शे, येडी नही," म्हणाले. "तिनाकडे देखीसन बोला. बस, इतलंच." बाईंनी मान डोलावली आणि पुन्हा फळ्याकडे वळल्या. ताई तशीच वरच्या वर्गात ढकलली जात राहिली, आणि एका जूनमध्ये, नव्या पुस्तकांचा वास घरभर असताना, तिनं दप्तर उचललंच नाही. ती मायशेजारी साड्यांना टिकल्या चिकटवायला बसली.

आता तिची मुलगी दुसरीत आहे, तिला छान ऐकू येतं. परवा पालकसभेला मी ताईबरोबर गेले. फाटकावर 'सर्वांसाठी शिक्षण' असा रंगीत फलक, वर्गात तरुण, गोड बोलणाऱ्या बाई. बोलत मात्र होत्या माझ्याशी. "यांना सांगा, मुलगी हुशार आहे. यांना सांगा, घरी वाचून घ्या..." ताईनं हळूच त्यांच्या दंडाला हात लावला, दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली — माझ्याकडे बघून बोला.

बाई हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "काय म्हणताहेत त्या?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोन्ही हात ओढणीखाली घेतले — आता मध्ये मी पडणार नव्हते. ताई बाईंच्या ओठांकडे बघत थांबली होती.