वलीची इजाजत

माझा भाऊ धाराशिवच्या हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायचा. तोंडावर मी त्याला दादा म्हणायचे, अहो-जाहो करायचे; इथं करणार नाही. निजाम गेला, घटना आली, आणि तिच्यातले मूलभूत हक्क पोरांकडून घडाघडा म्हणवून घेण्यात ह्याचा हात धरणारा मास्तर जिल्ह्यात नव्हता. आठवडाभर तो शहरात खोली घेऊन राही, रविवारी बेंबळीला घरी येई. सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेपुढं भाषण त्याचंच. हवं ते बोला, हवं तिथं जा, हवा तो धंदा करा, कुणी अडवणार नाही, असं तो खणखणीत आवाजात सांगायचा. आम्ही बाया मागं उभ्या राहून ऐकायचो. हे आपल्यालाही सांगतायत असं मला खरंच वाटायचं, इतकी मी मूर्ख होते.

मी तेव्हा बावीस वर्षांची. नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापानं गेला आणि सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं. वडील आधीच गेलेले. घरात माय आणि मी. सातवी पास होते, आणि जळकोटच्या मुलींच्या शाळेत बाई हवी होती. मी अर्ज लिहून भावापुढं ठेवला. त्यानं शांतपणे वाचला, ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि परत दिला.

"विधवा बाई परगावी एकटी राहणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"पण तुम्हीच शिकवता ना, कुणालाही कुठंही..."

"ते हक्क नागरिकांचे आहेत. तू माझी बहीण आहेस."

तो चिडून बोलला असता तर मी विसरलेही असते. पण हे त्यानं वर्गात फळ्यावर लिहून द्यावं तसं समजावून सांगितलं. दोन वर्षं मी गप्प बसले, भाकऱ्या थापल्या, रविवारी त्याचे कपडे धुतले आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या.

जळकोटची जागा पुन्हा निघाली तेव्हा मी त्याला विचारलंच नाही. मायला बरोबर घेतलं आणि मोटारीनं थेट धाराशिवचं शाळाखात्याचं ऑफिस गाठलं. तिथला कारकून निजामाच्या राजवटीत मुरलेला. मराठी लिहिताना त्याचा हात अडखळायचा, बोलायचाही अर्धं उर्दू. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिले, सगळं ठीक आहे म्हणाला, आणि वर म्हणाला, "फक्त वलीची इजाजत आणा."

वली म्हणजे पालक. माझा पालक म्हणजे तोच, लाल शाईवाला. मी कागद उचलले आणि बाहेर आले. डोळ्यांतलं पाणी मायला दिसू नये म्हणून भराभर पुढं चालत राहिले.

माय मात्र वाटेत खुशीत होती. मला कळेना का. पुढच्या जुम्मेरातीला, गुरुवारी, तिनं पहाटे उठून मलिदा केला, नारळ घेतला आणि एकटीच धाराशिवला गेली. संध्याकाळी परतली ती कपाळाला दर्ग्यातली उदी लावून.

"झालं तुजं काम," ती म्हणाली. "वलीनं इजाजत दिली."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं वली म्हटलं की आधी डोळ्यांपुढं दर्गा येतो. मायला वाटलं, नोकरीला निघण्याआधी पिराला विचारून या, असाच सरकारी कायदा आहे. तिला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. मुजावरानं तिच्या डोक्यावरून मोरपिसांचं मोरचेल फिरवलं होतं, तोच तिच्या लेखी होकार.

मी तिला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन परत त्या टेबलापुढं उभी राहिले.

"वलीची इजाजत हाय का?" कारकुनानं विचारलं.

"हाय की," माय म्हणाली. "म्या सोता जाऊन इचारलं."

"लेखी?"

"न्हाय बा. त्ये कुठं लिव्हून देत्यात?"

कारकुनानं मान डोलावली आणि कागदावर लिहिलं: वली निरक्षर, इजाजत तोंडी. खाली साक्षीदार म्हणून मायचा अंगठा घेतला. ती अक्षरं मी उलट्या बाजूनं वाचली आणि तोंड घट्ट मिटून उभी राहिले. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. आठवड्यात मी जळकोटला रुजू झाले.

भावाला हे कळलं तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बहीण गेली ह्यापेक्षा सरकारी कागदावर आपण निरक्षर ठरलो हे त्याला जास्त झोंबलं. त्यानं चार पानी तक्रार केली. सुवाच्य अक्षर, एकही चूक नाही. दोन वर्षांपूर्वीच मी मनाई केली असताना बहिणीनं खात्याची फसवणूक केली, तिला कामावरून काढावं.

तोवर आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता आणि ऑफिसात नवा साहेब आला होता, पुण्याकडचा. त्यानं भावाला, मायला आणि मला समोर बसवलं, फाईल वाचली आणि कारकुनाला हाक मारली.

"वली हा काय प्रकार आहे? कुठल्या नियमात आहे?"

कारकून नियम शोधू लागला. कपाट झालं, खण झाले. नियम नव्हताच. तो आपला पहिल्यापासून विचारत आला होता म्हणून विचारत होता.

"बाई सज्ञान आहेत," साहेब भावाला म्हणाला. "त्यांना कुणाचीच परवानगी लागत नाही. तुम्ही नागरिकशास्त्र शिकवता ना?" मग माझ्याकडं वळून हसत म्हणाला, "मग तुम्ही दोन वर्षं थांबलात कशाला?"

माझी नोकरी त्यानं वाचवली, पण त्या हसण्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही. कशाला थांबले म्हणे. ह्याच्या घरात कुणी कुणाला लाल शाईनं दुरुस्त केलं नसावं.

भाऊ उठला आणि दारातून म्हणाला, "आता माझ्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही." हे मात्र तो करू शकत होता. घर, शेत सगळं त्याच्या नावावर. कुणाला घरात घ्यावं, कुणाला नको, ह्यात साहेब लुडबुडणार नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी मायला न्यायला बेंबळीला गेले. जळकोटला दोन खोल्या घेतल्या होत्या, तिच्यासाठी बाज विणून घेतली होती. मी अंगणात उभी राहिले. ती दारात आली.

"चल," मी म्हटलं. "आता माझ्याकडंच राहा."

"त्याला इचारते."

"कशाला? तुला कुणाला विचारायची गरज नाही. साहेबानं सांगितलं ते ऐकलंस ना?"

"त्ये तुला सांगितलं," माय म्हणाली. "तुज्याकडं मन न्हाय रमलं तर म्या कुठं यावं? हितलं दार त्यानं लावल्यावर?"

तुला परत यावंच लागणार नाही, असं मी म्हणायला हवं होतं. पण मी ओरडले. तुझ्यासारख्या बायांमुळंच ह्यांचं फावतं, असं काहीबाही बोलले.

भाऊ ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. माय पदर सावरत त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली, जिनं माझ्यासाठी दर्ग्याची पायरी चढताना कुणाला विचारलं नव्हतं तीच. त्यानं मान वर केली नाही. शेवटची मोटार निघायच्या वेळेपर्यंत मी अंगणात थांबले. मी निघाले तेव्हाही ती तशीच उभी होती, आणि त्यानं नुकतंच पान उलटलं होतं.