ज्येष्ठांची ओळख पटवून देणारे मुजावर साहेब

मुजावर साहेबांनी पहिल्या भेटीत मला परत पाठवले होते.

वडील गेल्यानंतर आईला मी वाईहून दिल्लीला, सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये घेऊन आले. तिला रक्तदाब, त्यात गुडघे. कुणीतरी सांगितले की द्वारकेच्या आपल्या मराठी मंडळात शनिवारी एक निवृत्त अधिकारी बसतात आणि वयस्कर माणसांना सरकारी आरोग्य विम्याबद्दल मार्गदर्शन करतात. मी आईची सगळी कागदपत्रे एका पिशवीत घालून मेट्रोने द्वारकेला पोचले. वाचनालयाच्या खोलीत खिडकीपाशी पांढरा सदरा घातलेले, ताठ बसलेले एक गृहस्थ होते. मी पिशवी पुढे केली आणि आईची माहिती सांगू लागले. त्यांनी शांतपणे विचारले, "आई कुठे आहेत?"

"घरी आहे. तिला मेट्रोचे जिने जमत नाहीत."

"मग रिक्षाने आणा. विमा त्यांचा आहे ना? त्यांच्याबद्दल त्यांच्या पाठीमागे बोलणं मला बरं वाटत नाही, ताई."

मला राग आला होता, हे आज गौरवग्रंथात लिहायला हरकत नाही. पण पुढच्या शनिवारी आईला घेऊन गेले. साहेब उठून उभे राहिले, आईला खुर्ची दिली आणि त्यानंतरचा सगळा वेळ माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. ते आईशीच बोलत होते. बाबा कुठे नोकरीला होते, आईंना कुटुंब निवृत्तिवेतन कोणत्या खात्याकडून मिळते, औषधे रोज कोणती. मी मध्येच म्हणाले, "सत्तरीच्या वरच्यांचं ते आयुष्मान कार्ड आता दिल्लीतही येतंय म्हणतात, तेच काढून द्या, म्हणजे झालं." साहेबांनी हात वर करून मला थांबवले.

"आई, तुमचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांच्या मागे सीजीएचएसचा, म्हणजे केंद्राच्या आरोग्य योजनेचा, हक्क तुम्हाला आहे. तपासणी, रोजची औषधं, सगळं. कन्येच्या कार्डावर नाव घालायचीही गरज नाही. तुमचं स्वतःचं कार्ड होईल."

"माझं स्वतःचं?" आईने विचारले.

"बिल्कुल. तुमच्या नावाचं."

काही आठवड्यांनी ते कार्ड हातात आले. पहिल्यांदा दवाखान्यात गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी "शालिनी देवी!" असा पुकारा केला. परतताना रिक्षात आई म्हणाली, "आज मला कुणीतरी माझ्या नावाने हाक मारली गं. तुझे बाबासुद्धा 'अगं' म्हणायचे." त्या दिवशीपासून मी शनिवारच्या त्या टेबलाशी मदतनीस म्हणून बसू लागले. आज साहेबांच्या अमृतमहोत्सवी वर्षात त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे तो एवढ्याच नात्याने.

श्री. दस्तगीर मुजावर हे मूळचे मिरजेचे. तरुणपणी केंद्र सरकारच्या परीक्षेतून निवड होऊन ते दिल्लीस आले आणि एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. नोकरीतल्या त्यांच्या शिस्तीच्या कथा इतर मान्यवर सांगतीलच. मी पाहिले ते निवृत्तीनंतरचे मुजावर साहेब. त्यांच्या टेबलावर नेहमी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. नवीन माणसाला वाटते, चहाबरोबर बिस्किटे मिळणार. डब्यात असतात चष्मे! सरोजिनी नगरच्या बाजारातून घेतलेले, निरनिराळ्या नंबरांचे, स्वस्तातले वाचायचे चष्मे. समोरच्या आजोबांनी "तुम्हीच वाचा, साहेब, मी अंगठा देतो," असे म्हटले की साहेब डबा उघडतात. एकेक चष्मा लावून बघायला सांगतात आणि अक्षर दिसले की म्हणतात, "आता वाचा. मग अंगठा."

वेळ जातो. रांग वाढते. साहेबांना त्याची घाई नसते. त्यांची धाकटी सून त्यांना चेष्टेने "अंडर सेक्रेटरी, चष्मा विभाग" म्हणते, आणि साहेबांच्या पत्नी जुबेदा वहिनी दर दिवाळीत घरची रद्दी काढताना आणखी चार चष्मे सापडल्याचे सांगतात.

साहेबांची खरी कसोटी लागली ती आपल्या मंडळाच्या नोंदणी शिबिरात. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, मिळकत कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळणार असे दिल्लीत जाहीर झाले आणि मंडळाने उत्साहाने शिबिर भरवले. मांडव, लॅपटॉप, पाण्याचे जार, दारात तोरण. तेव्हाचे अध्यक्ष श्री. भालेराव यांनी विक्रमी नोंदणीचा निश्चय केला होता. साहेबांनी मात्र आपली खुर्ची रांगेच्या सुरुवातीला, दाराशी मांडली आणि प्रत्येकाला ते एकच विचारू लागले: "तुमच्याकडे आधीचं काय आहे?"

थोड्याच वेळात रांगेतून माणसे बाहेर पडू लागली. निवृत्त सरकारी नोकर, त्यांच्या पत्नी, एकामागून एक. भालेराव साहेब धावत आले.

"मुजावर साहेब, आपण लोकांना आत घ्यायला शिबिर भरवलंय. तुम्ही तर बाहेर काढताय!"

साहेबांनी शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांकडे हात केला. "यांना रोज इन्सुलिन लागतं. जुन्या कार्डावर ते डिस्पेन्सरीतून मिळतं. नवं कार्ड रुग्णालयात भरती झाल्यावर उपयोगी पडतं, आणि सरकार म्हणतं की दोन्हींतलं एकच ठेवा. आज इथे त्यांनी नवं घेतलं, तर उद्या इन्सुलिन कुठून आणायचं?"

"पण लोक म्हणतात, नवीन स्कीम आहे, घेऊन टाका."

"म्हणून तर मी दारात बसलोय."

भालेराव साहेबांनी सरळ ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि स्वतःच घोषणा केली, "ज्यांच्याकडे आधीचं सरकारी कार्ड असेल त्यांनी प्रथम मुजावर साहेबांना भेटावं!" अध्यक्षांच्या मनाचा हा मोठेपणाही या निमित्ताने नोंदवून ठेवते. विक्रम झाला नाही. पण त्या दिवशी घाईघाईत कुणाचे औषध तुटले नाही.

त्याच शिबिरात शेवंतामावशी आल्या होत्या.

द्वारकेच्या बहुतेक मराठी घरांनी मावशींच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या आहेत. लातूरकडच्या. यजमान एका अतिथिगृहात आचारी होते. ते वारल्यावर मावशी पालममध्ये एका खोलीत राहून घरोघरी पोळ्या करीत. अलीकडे दोन जिने चढले की त्यांना धाप लागायची. डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायला सांगितले होते, आणि तेही लवकर. मावशींनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पोळ्यांना हजर झाल्या. निवृत्तिवेतन नाही, आधीचे कुठलेच कार्ड नाही. हे नवे कार्ड खरे तर अशाच माणसासाठी होते.

त्या माझ्या लॅपटॉपसमोर बसल्या. आधारला जोडलेला मोबाइल नंबर त्यांच्या यजमानांचा निघाला, तो कधीच बंद झालेला. त्यावर ओटीपीचा संदेश येणार कुठून? मग बोटांचे ठसे घेऊ म्हटले. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग एकेक बोट. यंत्र प्रत्येक वेळी लाल दिवा दाखवी. जन्मभर तव्यावरची पोळी हाताने उलटली, पीठ मळले, भांडी घासली. बोटांवरच्या रेषा जवळजवळ पुसून गेल्या होत्या. मी त्यांचे बोट पुसून पुन्हा दाबत होते, तेव्हा मावशींनी हळूच हात सोडवून घेतला.

"ऱ्हाऊ द्या, ताई. ह्या मशिनीला मी काय पटंना. मागं लोकं खोळंबल्यात."

आणि त्या उठून चालू लागल्या. दाराशी मुजावर साहेब बसले होतेच.

"काय झालं, शेवंताबाई?"

"काय न्हाई, साहेब. बोटं गेली माझी कामात. आता गावाला जाते लेकीकडं. जे व्हायचं ते तिकडं हुईल."

साहेब खुर्चीतून उठले. त्यांचा आवाज मी एरवी कधी चढलेला ऐकला नव्हता. "यंत्राला ओळख पटत नसेल. इथल्या प्रत्येक घराला पटते ना? बसा इथे. तुम्ही गावाला जायचं ते ऑपरेशन झाल्यावर, लेकीला भेटायला."

पुढचे काही आठवडे साहेबांनी ते काम स्वतःचे केले. चौकशी करून त्यांनी माहिती काढली की ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. त्याआधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलायचा, नवा फोटो काढायचा. मावशींना एकट्याने जायची धास्ती. म्हणून साहेब बरोबर गेले. एकदा केंद्राची वेळ संपली होती, एकदा सर्व्हर बंद होता. मावशी म्हणत, "साहेब, तुमास्नी तरास." साहेब म्हणत, "मला कुठे पोळ्या लाटायच्यात?"

अखेर एका सकाळी वाचनालयाच्या खिडकीपाशी, चांगल्या उजेडात, मावशींना मोबाइलसमोर बसवले. मोबाइलने सांगितले, डोळे मिटा-उघडा. मावशींनी इतके घट्ट मिटले की उघडायला विसरल्या. आम्ही सगळे ओरडलो, "मावशी, उघडा!" त्यांनी दचकून डोळे उघडले आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली. खोलीत अशा टाळ्या पडल्या की शेजारच्या बालवर्गातली मुले बघायला आली.

लढाई एवढ्यावर संपली नव्हती. ज्या खासगी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया या योजनेत होते, तिथे आम्ही मावशींना घेऊन गेलो. काउंटरवरच्या तरुणाने कार्ड पाहिले आणि परत सरकवले.

"अंकल, इस कार्ड पर ये ऑपरेशन नहीं होगा."

"अच्छा," साहेब म्हणाले. "बेटा, ज़रा यही लिखकर दे दीजिए. नीचे अपना नाम."

"लिखकर क्या देना, सर, बता तो दिया."

"आपने बता दिया, मैंने सुन लिया. अब लिख भी दीजिए. मैं यहीं बैठा हूँ."

आणि ते समोरच्या बाकावर, मावशींच्या शेजारी खरोखरच बसले. ना आवाज चढवला, ना आपले जुने पद सांगितले. घरून आणलेला जेवणाचा डबा उघडून त्यांनी मावशींना पोहे दिले, आपण घेतले, मलाही दिले. आमचे खाणे होईपर्यंत काउंटरवर दोन-तीन फोन झाले. आतून एक बाई बाहेर आल्या, त्यांनी कार्ड पाहिले, संगणकात काहीतरी पाहिले आणि म्हणाल्या, "माताजी का हो जाएगा, सर. अप्रूवल के लिए भेज रही हूँ." मंजुरी आली. शस्त्रक्रिया झाली. लातूरहून लेक आली होती. तिने अतिदक्षता विभागाबाहेर साहेबांच्या पायांवर डोके ठेवले, तेव्हा साहेब इतके अवघडले की "अगं, उठ, इथे फरशी ओली आहे," एवढेच बोलू शकले.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही तिघे एका कार्यक्रमाला निघालो होतो. मेट्रो स्थानकावर मी लिफ्टकडे वळले. मावशी जिन्याकडे गेल्या आणि न थांबता चढू लागल्या. साहेब आपले वय विसरून त्यांच्या मागे. अर्ध्यावर साहेब कठडा धरून उभे राहिले आणि ओरडले, "अहो शेवंताबाई, थांबा! झडप तुमची बदललीय, माझी नाही!" वर पोचलेल्या मावशी पदर तोंडाला लावून अशा हसत होत्या की जिन्यावरची अनोळखी माणसेही हसू लागली.

एका माणसाचा प्रश्न सुटला की साहेबांचे काम संपत नाही. असा प्रश्न आणखी कुणाकुणाचा असेल, हे त्यांच्या मनात सुरू होते. मावशींचे कार्ड झाल्यावर त्यांनी विचारले, "ताई, बोटं झिजण्याचं काम आणखी कुठे असतं?" उत्तर त्यांनीच शोधले. पानिपत. हातमागावर आयुष्य घालवलेली माणसे. तिथल्या एका परिचितांमार्फत त्यांनी विणकरांच्या वस्तीत बैठक ठरवली. आम्ही सकाळच्या गाडीने गेलो. धर्मशाळेच्या ओसरीवर वृद्ध स्त्री-पुरुष बसले होते, कित्येकांना यंत्राने आधी परत पाठवलेले. साहेबांनी नोंदणी करणाऱ्या मुलींना चेहऱ्यावरून ओळख कशी पटवायची ते दाखवले, आणि उजेडाची जागा कोणती, डोळे कधी मिटायचे, हे स्वतः बसून शिकवले. पहिल्या आजोबांच्या, तिथल्या बोलीत ताऊजींच्या, नावापुढे हिरवी खूण आली आणि ते उठून सगळ्या ओसरीला सांगू लागले, "मेरा हो गया! मुझे पहचान लिया!" मग ओसरीवर नुसता कल्ला. संध्याकाळपर्यंत तो थांबला नाही.

निघताना वस्तीतल्या विणकरांनी साहेबांच्या खांद्यावर हातमागाची एक घोंगडी घातली. गाडीत साहेब ती मांडीवर घेऊन बसले होते. मिरजेला मोठ्या भावांना फोन लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दादा, पानिपतहून बोलतोय. या वेळी जिंकून परत निघालोय!" पलीकडून भाऊ काय बोलले ते कळले नाही, पण साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

साहेब, आपल्या पंच्याहत्तरीनिमित्त आम्ही काय मागावे? तब्येत अशीच खणखणीत राहावी, जुबेदा वहिनींची सोबत असावी, आणि मिरजेहून येणारे पेढे आपल्याला डॉक्टरांच्या परवानगीने खाता यावेत. आपले स्वतःचे आरोग्य कार्ड पाकिटात वर्षानुवर्षे असेच कोरे करकरीत पडून राहो. आपण शंभरी पार करावी, आणि त्या समारंभाला ज्यांनी खुर्च्या लावायच्या ती माणसे आपणच आज ठणठणीत बरी करून ठेवली आहेत.

— अनुराधा सबनीस, सरोजिनी नगर