निलंग्याच्या बाईंची मौखिक परीक्षा

निलंग्याच्या तहसील कार्यालयासमोर मी अर्ज लिहितो. शेजारच्या बाकावर एक बाई येऊन बसत. त्या जनसंवाद विषयात पीएच.डी. करीत होत्या. खेड्यातली माणसे कचेरीत आपले गाऱ्हाणे कसे सांगतात, हा त्यांचा विषय.

चष्मा कपाळावर सरकवून त्या समोरच्याचे सगळे ऐकत. कुणी काही विचारले, की खुशाल म्हणत, "माहीत न्हाई, मामा. इचारून सांगते." एवढे शिकून हे उत्तर! माझे शिक्षण दहावीपर्यंतच. पण माझ्या टेबलावरून आजवर कोणी उत्तराविना गेलेले नाही. तरीही अर्ज लिहून झाला, की माझीच माणसे त्यांच्या बाकावर जाऊन बसत.

शोधनिबंध छापून आले, प्रबंध सादर झाला. उरली ती सर्वांसमोरची मौखिक परीक्षा. "काका, नांदेडला विद्यापीठात याच बरं का," त्या म्हणाल्या. मी गेलो. त्या कुठे अडतात, हे पाहण्यासाठीच गेलो.

बाहेरगावच्या परीक्षकांनी शेवटी अवघड प्रश्न विचारला. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "माहीत नाही, सर. शोधावं लागेल."

मी सरसावून बसलो. परीक्षक म्हणाले, "बरं झालं, बनवून सांगितलं नाही." लगेच पदवीची शिफारस जाहीर झाली. टाळ्या मीही वाजवल्या. आत मात्र जळत होतो.

बाहेर पडलो, तेव्हा माझ्या खिशातली पेने पाहून एका म्हाताऱ्याने विचारले, "साहेब, परीक्षा विभाग कुठं हाय?"

त्या आवारात मी त्याच दिवशी प्रथम पाऊल टाकले होते. तरी मी तत्काळ डावीकडे बोट दाखवले. हात जोडून तो तिकडे चालू लागला.