संग्रहालयाचे पान कोण उघडते, हे विचारणाऱ्या कुमुदबाई

कुमुदबाईंची आणि माझी पहिली भेट आमच्या जिल्ह्यातल्या एका लहान संग्रहालयाच्या कचेरीत झाली. बाई तिथल्या मानद प्रमुख. मी गोंडपिपरीकडचा शाळामास्तर; संगणकाचे थोडेफार येते म्हणून संग्रहालयाचे संकेतस्थळ करायला त्यांनी मला बोलावले होते. चहा येण्याआधीच त्यांनी विचारले, "गुरुजी, हे कोण उघडणार?"

"अभ्यासक, विद्यार्थी."

"विचारलंत कोणाला, की आपलं वाटतं?"

मला नुसते वाटत होते.

पुढे संग्रहालयाचा फोन बाई स्वतः घेऊ लागल्या. संकेतस्थळ पाहून कोणी फोन केला, की उत्तर देऊन झाल्यावर त्या विचारत, "काय शोधत होता? कुठे अडलात?" सोमवारी बंद असते का, सहलीच्या मुलांनी डबा कुठे खायचा, आजीला पायऱ्या चढाव्या लागतील का, लोकांना हे हवे असे. मी मेहनतीने लिहिलेल्या शिल्पशैलीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. बाईंनी तो मजकूर ठेवला, फक्त पानाच्या खाली नेला.

एका तळ्यातला गाळ काढताना सापडलेल्या देवीच्या मूर्तीचे पान मात्र पावसाळ्यानंतर एखाद्याच दिवशी फार उघडले जाई. मी समजलो, संशोधक असतील. त्यांच्यासाठी मूर्ती चहूबाजूंनी फिरवून पाहता येईल असे नवे पान केले आणि जुना लहान फोटो काढून टाकला. "लोकांना दाखवून घेतलंत ना?" बाईंनी विचारले. मी हो म्हणालो. दाखवले होते ते नागपूरच्या एका मित्राला.

एका रविवारी सकाळी आम्ही कचेरीत असताना फोन वाजला. त्या तळ्यावर मासेमारी करणाऱ्या गिरजाबाई काठावरून बोलत होत्या.

"बाई, आमची देवी दिसून नाई राह्यली. नुसतं गोल गोल फिरून राह्यलं. तुमच्या मास्तरनं कुलूप लावलं का तिले?"

मूर्ती संग्रहालयात आल्यापासून तिथली मंडळी हंगामाचे पहिले जाळे टाकण्याआधी मोबाइलवर तिचे पान उघडून हात जोडत. नवे पान तिथल्या अपुऱ्या नेटवर्कवर उघडत नव्हते. "दर्शनाबिगर जाळं पडत नाई. उद्याच्या बाजाराले काय नेऊ आमी?"

"थांबा गिरजाबाई, चूक आमची आहे," बाई म्हणाल्या. चूक माझ्या एकट्याची होती. रोज देवापुढे दिवा लावणाऱ्या मला, ते पान कोणी दर्शनासाठी उघडत असेल, हे एकदाही सुचले नव्हते.

मी जुना फोटो परत चढवला. फोनमधून गलका ऐकू आला, "आली, आली! सरक ना वं, मले पाहू दे." थोड्या वेळाने जाळे पाण्यात पडले.

बाई मला रागावल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात मला घेऊन तळ्यावर गेल्या आणि काठावर बसून सगळ्यांचे ऐकून घेतले. तेव्हापासून आमचे कोणतेही नवे पान आधी एखाद्या गावात, साध्या मोबाइलवर उघडून पाहिले जाते.

बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. यंदा गिरजाबाई फोनवर म्हणाल्या, "देवीले तुमच्यासाठी बी मागतलं बाई. गुडघे चालू दे म्हणलं."

माझेही मागणे तेच आहे. बाईंचे गुडघे चालते राहोत, कान असेच तिखट राहोत, आणि शंभरी उलटल्यावरही तळ्यावरून येणारा फोन त्यांनीच उचलावा.