बाबांसाठी आणलेलं घड्याळ

दादाने दुबईहून हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ आणलं ते बाबांसाठी. बाबांची बायपास झालेली, त्यामुळे आमच्या घरात काळजी करायची ती फक्त त्यांच्या छातीची. बाबांनी दोन दिवस घातलं आणि घाम येतो म्हणून काढून ठेवलं.

"एवढं महागाचं आणलंय पोराने, पडून कशाला राहू दे?" असं म्हणत आईने ते स्वतःच्या हातात घातलं. दादाने फोनवर तिची माहिती भरून दिली.

एका रविवारी ती कोलंबी सोलत असताना घड्याळ थरथरलं. "हात खराब आहेत गं माझे, तू बघ काय म्हणतंय," ती मला म्हणाली. ठोके अनियमित आहेत, डॉक्टरांना दाखवा, असं लिहिलेलं. तिला काहीच होत नव्हतं. बाबा हसले, "अगं, ते माझं हृदय ऐकायला आणलंय!"

तरी दुसऱ्या दिवशी मी तिला बोरिवलीतल्याच हार्टच्या डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, "एकदम नॉर्मल. ही घड्याळं माणसाला उगाच घाबरवतात. काढून ठेवा, मस्त झोपा."

"मधूनमधून होत असेल तर?" मी विचारलं.

"त्रास झाला तर या ना."

बाहेर पडल्यावर आईने स्वतःसाठी गजरा घेतला. किती वर्षांनी, कोण जाणे. घरी येऊन तिने घड्याळ खरंच काढून कपाटात टाकलं.

महिनाही झाला नसेल. सकाळी चहाचा कप तिच्या हातातून सुटला. मी म्हटलं, "भाजलं का?" तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ते एका बाजूला ओघळलं आणि नुसता आवाज आला.

हॉस्पिटलमध्ये मॉनिटर लावला, त्यात तिचे ठोके चुकताना दिसले. तिथल्या तरुण डॉक्टरणीने समजावलं, "हे येतं-जातं. एका ईसीजीत सापडेलच असं नाही. ठोके असे चुकले की हृदयात रक्ताची गुठळी होते, तीच मेंदूत गेली."

बाबांनी विचारलं, "म्हणजे घड्याळ खरं बोलत होतं?"

ती म्हणाली, "हो, काका."

दादा व्हिडिओ कॉलवर रडला, याच्यापेक्षा चांगलं घड्याळ पाठवतो म्हणाला. बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आईचा उजवा हात गेला तो गेलाच. बोलणंही गेलं. आम्हा मुलांशी ती जे मराठी बोलायची, त्यातला एक शब्द परत आला नाही. आलं ते तिच्या माहेरचं मालवणी, तेही एकच वाक्य: "माका घराक व्हर." मला घरी ने. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच पलंगावर बसून म्हणते. कुठलं घर, ते विचारायची सोय नाही.

"नेतो हां," बाबा म्हणतात, "आधी दोन घास खा." ते पेज भरवतात, आणि ती त्यांच्याकडे बघत तोंड उघडते.